आधी झाडू, मग आम्ल

पावसाळ्यात फीड मिलवर मक्याची गाडी लागली की मी आधी पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसतो. ओल हाताला कळतेच, तरी मॉइश्चर मीटर लावतो. आकडा 14 टक्क्यांच्या वर गेला तर माल उतरवत नाही. बुरशी काय, साल्मोनेला काय, दोघांनाही वाढायला ओल लागते.

भरडलेला मका, सोयापेंड, तेल, खनिजं मिक्सरमध्ये फिरू लागली की वरून फॉर्मिक आणि प्रोपिओनिक आम्लाचं मिश्रण फवारतो. टनाला साधारण दोन ते पाच किलो. वास नाकाला झोंबतो, डोळ्यांत पाणी येतं. रबरी हातमोजे आणि चष्म्याशिवाय कॅनला कुणी हात लावायचा नाही, हा आमचा नियम. काही मुंग्या चावल्यावर जी आग होते, तिच्यातही हेच फॉर्मिक असतं.

त्याचं काम पाहण्यासारखं आहे. न फुटलेला आम्लाचा रेणू जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो. आत सामू सातच्या आसपास असतो, तिथे तो फुटतो आणि आंबटपणा वाढतो. तो बाहेर फेकता फेकता जिवाणू थकतो, त्याची वाढ खुंटते. साल्मोनेला, ई. कोलाय यांना फॉर्मिक आवरतं, बुरशीला प्रोपिओनिक. म्हणून ही जोडी.

पुढे वाफेवर 80-85 अंशांना खाद्य तापतं आणि पेलेट पडतात. त्या उष्णतेत बरेच जिवाणू मरतात. पण खाद्य गार झालं की उष्णतेची राखण संपते. आम्ल मात्र पोत्यातही खाद्यासोबत राहतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तयार पोत्यांतल्या नमुन्यात साल्मोनेला सापडला. मिक्सरमधले नमुने स्वच्छ होते. आम्लाचा डोस वाढवावा, असं सगळ्यांचं मत पडलं. त्याआधी पेलेट गार करणारा कूलर उघडून पाहिला. वाफेचं पाणी होऊन आतल्या पत्र्यावर भुकटीचा बोटभर थर चिकटला होता, ओला आणि कोमट. शिवाय कूलर हवा ओढत होता ती कच्चा माल उतरवतो त्या धुळीतून. थर खरवडला, पत्रा कोरडा केला, हवेची वाट दुसरीकडून काढली. डोस तोच ठेवला. पुढचे नमुने स्वच्छ आले.

जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने पशुपालनात कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबडीच्या दाण्यात जात होतं, ते थांबायलाच हवं होतं. तेव्हापासून आम्लांकडे ओढा वाढला, हे चांगलंच झालं. पण घाणेरड्या मिक्सरमध्ये ओतलेलं आम्ल म्हणजे वाया गेलेला पैसा.

घरचं खाद्य घरीच बनवणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: मका वाळवा, उंदीर आवरा, यंत्र आतून झाडा, तयार खाद्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. आणि मगच आम्लाचा कॅन उघडा.