स्क्रब म्हणतो शून्य चुका, तरी फाईल बिघडलेली?

पीएचडी सुरू झाली की डेटा लॅपटॉपमध्ये मावेनासा होतो. मग कुणीतरी सांगतं, "घरी दोन डिस्क लाव, झेडएफएस टाक, काळजी मिटली." सल्ला चांगलाच आहे. 'काळजी मिटली' एवढंच तपासून बघू.

डिस्क कुठलीही एरर न दाखवता भलताच मजकूर वाचून देऊ शकते. २००८ च्या फास्ट परिषदेतल्या एका पेपरात १५.३ लाख डिस्कचा ४१ महिन्यांचा अभ्यास आहे. त्यात चेकसम न जुळण्याचे ४ लाखांहून जास्त प्रकार सापडले. एक्स्ट४ किंवा एनटीएफएस मजकुराचा चेकसम ठेवतच नाहीत, त्यामुळे त्यांना हे कळत नाही.

झेडएफएस ब्लॉकचा चेकसम त्याच्याशेजारी ठेवत नाही, तर त्याचा पत्ता असलेल्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. का? समजा, डिस्कने 'लिहिलं' म्हणून सांगितलं पण लिहिलंच नाही. तिथे जुना ब्लॉक राहिला, आणि चेकसमही शेजारीच असता तर दोन्ही जुने एकमेकांशी छान जुळले असते! वरचा चेकसम मात्र जुळत नाही, चोरी पकडली जाते. मिरर असेल तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्तीही होते. एकाच डिस्कवर, एकच प्रत असेल, तर बिघाड फक्त कळतो.

पण चेकसम काढण्याआधीच डेटा बिघडला तर? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडएफएसमध्ये मुद्दाम बिघाड घुसवून पाहिले (फास्ट, २०१०). डिस्कवरचे बिघाड तिने उत्तम झेलले, रॅममधले नाही. प्रयोग कसा रचावा हे शिकायला हा पेपर जरूर वाचा.

नोव्हेंबर २०२३ मधला ओपनझेडएफएसचा बग तर याहून बोलका. नुकत्याच लिहिलेल्या फाईलची लगेच कॉपी केली, तर क्वचित तिच्या काही भागाच्या जागी शून्यं यायची. त्या शून्यांचा चेकसम अगदी बरोबर! स्क्रबला काहीच दिसणार नाही. (बीटीआरएफएसलाही चेकसम आहेत, पण तिचं रेड ५/६ घरीसुद्धा वापरू नका.)

म्हणून मी तरी मिरर आणि ईसीसी रॅमच्या खर्चाआधी एक फुकटचं काम करायला सांगेन: उपकरणातून डेटा निघाला की त्याच मशीनवर प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ काढून यादी ठेवा. घरी कॉपी झाल्यावर त्या यादीशी ताडून बघा, आणि ते जुळेपर्यंत मूळ फाईल पुसू नका. दुसरी प्रत वेगळ्या जागी, शक्यतो वेगळ्या फाईल सिस्टिमवर. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, त्यांना बॅकअपमध्ये मोजू नका.