माणगावचे यशवंत घाडगे



लंडनला हाइड पार्क कॉर्नरपाशी 'मेमोरियल गेट्स' आहेत. २००२ साली राणीच्या हस्ते त्यांचं उद्घाटन झालं. शेजारच्या छत्रीत उभं राहून मान वर केली की आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस मिळालेल्यांची नावं दिसतात. मी कित्येक वर्षं तिथून बसने गेलो, पण कधी उतरलो नाही. उतरलो ते लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे.

"बाबा, ह्यात आपल्याकडचं कोणी आहे का?"

होतं. नाईक यशवंत घाडगे, ५ मराठा लाइट इन्फन्ट्री. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे! आमची एसटी गावी जाताना चहाला थांबायची तेच माणगाव. आम्ही भजी खाऊन पुढे जायचो. हे नाव कुणी सांगितलंच नाही.

१० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. समोरून मशीनगन सुरू झाली आणि घाडग्यांच्या तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. उरले एकटे तेच, वय २२. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तेवढ्यात लपलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेलकडून तो घेतला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी.

लेकीने विचारलं, "पण ते ब्रिटिशांसाठी का लढले?"

खरं सांगतो, पटकन उत्तर सुचेना. त्याच जुलैत नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते. मी एवढंच म्हणालो, "राज्य परकं होतं बेटा, पण शेजारी पडलेली माणसं त्यांची स्वतःची होती."

त्यांची कबर कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या आठवणीसाठी एक सूर्यघड्याळ उभारलं. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे म्हणे. पुढच्या खेपेला चहाच्या आधी तिथे जायचं, असं लेकीने आत्ताच बजावून ठेवलंय.

तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल तर जरूर कळवा.

आपला,
एक कोकणी लंडनकर