मोठे टायर नेमके कुठं घासतात?

टोमॅटोचा हंगाम सुरू होतो तेव्हा निफाड-दिंडोरीकडचे शिवाररस्ते अजून ओलेच असतात. पिकअप रुतते आणि दर वर्षीचा विषय निघतो: मोठे टायर टाकून घ्यायचे का? आपल्या होस्टेलवर निम्मी पोरं शेतकऱ्यांची, त्यामुळे हा वाद मेसमध्येही रंगतो. एक गट म्हणतो "घासणार", दुसरा म्हणतो "गाडी थोडी उचलून घ्यायची, काय होतंय!" टेप लावून मात्र कुणीच पाहिलेलं नसतं. महिंद्रा आणि सिएट या दोघांचेही कारखाने आपल्याच सातपूरला आहेत, म्हणजे गाडी आणि टायर दोन्ही बनवणाऱ्या गावात आपण शिकतो. तेव्हा एवढा हिशोब आपल्याला यायलाच हवा.

आधी आकडे. बोलेरोला 215/75 आर 15 टायर येतो, उदाहरणाला तोच घेऊ. 215 ही मिलिमीटरमधली रुंदी, टायरच्या भिंतीची उंची तिच्या 75 टक्के, म्हणजे साधारण 161. रिम 15 इंच, म्हणजे 381. दोन भिंती आणि रिम मिळून व्यास झाला 703.5 मिमी. आता 235/75 आर 15 टाकला तर व्यास 733.5 होतो. फरक 30 चा, पण टायर मधोमध आसावर बसतो म्हणून वरच्या बाजूला जागा 15 मिमीच कमी होते. रुंदी 20 ने वाढली, ती आत 10 आणि बाहेर 10. ऐकायला हे काहीच नाही. पोरांना आवडणारा 31 इंची टायर घेतला तर मात्र वर 42 मिमी आणि दोन्ही बाजूंना 26-26 मिमी जागा जाते.

खरी गोम पुढंच आहे. टायर घासतो तो गाडी उभी असताना नाही. तो घासतो स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना, नाहीतर पाटे पूर्ण दबून चाक वर आल्यावर. गॅरेजसमोर रिकामी गाडी उभी करून "चार बोटं जागा आहे" म्हणणं म्हणजे उपाशी माणसाच्या पोटाचं माप घेऊन पँट शिवणं. माझ्या मामांच्या पिकअपला असंच माप घेऊन टायर बसवले होते. रिकाम्या गाडीत काहीच वाजलं नाही. तिसऱ्या फेरीला कॅरेट भरून निघाले, रस्त्यात खड्डा आला, पाटे दबले आणि हौद्याखालच्या पत्र्याच्या कडेनं मागच्या टायरची भिंत कापली. माल दुसऱ्या गाडीत भरून पिंपळगावला पोचेपर्यंत लिलाव आटोपला होता.

मग गाडी उचलली तर? इथं बहुतेकांची गल्लत होते. जादा पाटा किंवा लांब शॅकल टाकला की उभी गाडी उंच दिसते. पण चाक वर कुठपर्यंत येणार हे ठरवतो बंप स्टॉपर, तो रबरी ठोकळा. तो होता तिथंच ठेवला तर पूर्ण दाबाखाली चाक पूर्वीच्याच जागी येणार. पाटे कडक झाल्यानं तसं क्वचित होईल एवढंच. म्हणून उंची वाढवताना स्टॉपरही खाली घ्यावा लागतो.

दुसरा लाडका उपाय स्पेसर. आत पाट्यांना किंवा चासीला घासत असेल तर चाक बाहेर सरकतं आणि आतलं घासणं थांबतं. पण वळताना तेच चाक आता मोठ्या कमानीत फिरतं, म्हणून बंपरच्या कोपऱ्याला नाहीतर मडगार्डच्या मागच्या कडेला लागतं. शिवाय बेअरिंगवर ताण वाढतो. मालवाहू गाडीला स्पेसर नकोच, हे माझं स्पष्ट मत.

तपासायची पद्धत सोपी आहे. मडगार्डच्या आत, चासीवर आणि हौद्याखाली शाडूचे जाड गोळे चिकटवा. नेहमीचा माल भरा. पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरप्या बाजूचं मागचं चाक उंचवट्यावर चढवा. स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून गाडी हळू पुढं-मागं घ्या, रिव्हर्स विसरू नका. मग जिथं गोळा दबला तिथली उरलेली जाडी मोजा. मी निदान 20 मिमी तरी मागेन, कारण आपली काळी माती टायरला थर धरून बसते आणि कागदावरची जागा ती आधीच खाते. पुढं थोडंसंच कमी पडत असेल तर स्टिअरिंग स्टॉपचा बोल्ट बाहेर घेऊन वळण कमी करता येतं, पण मग बांधावर गाडी वळवायला दोन-तीनदा मागं-पुढं करावं लागतं.

व्यास 4.3 टक्के वाढला की काटा 60 दाखवताना वेग 62.5 च्या पुढं असतो, आणि तेवढाच गिअर जड होतो. भरलेल्या गाडीला कसारा घाटात ते जाणवतं. नव्या टायरची भार पेलायची क्षमता जुन्यापेक्षा कमी नको, भिंतीवरचा लोड इंडेक्स वाचूनच पैसे द्या. कायद्याची बाजूही आहे: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला 5000 रुपये दंड किंवा कैदही आहे. आपल्या मॉडेलला कंपनीनं कोणते साइज दिलेत ते मॅन्युअलमध्ये आधी बघावं.

मामांनी पुढच्या वेळी मूळ साइजचेच, पण खोल नक्षीचे टायर मागं टाकले. चिखलात पकड देते ती नक्षी. उंचीनं फक्त पोट जमिनीपासून वर राहतं, आणि त्यांची गाडी पोटावर कधी टेकलीच नव्हती.