बरगडीआडचा हिवताप

रुग्णाला उताणं झोपवायचं आणि गुडघे थोडे दुमडून घ्यायला सांगायचं. डॉक्टरांचा हात पोटाच्या उजव्या खालच्या बाजूने निघतो आणि तिरका, डाव्या बरगड्यांकडे सरकत जातो. थोड्या थोड्या अंतरावर तीच सूचना: ‘मोठा श्वास घ्या.’ श्वासासरशी पानथरी, म्हणजे प्लीहा, खाली येते आणि वाढलेली असेल तर तिची कडा बोटांना लागते. निरोगी माणसाची पानथरी साधारण दीडशे ग्रॅमची, बरगड्यांआड दडलेली. ती हाताला लागायची तर दुपटी-तिपटीने वाढावी लागते. हात मात्र हलकाच हवा. हिवतापात झपाट्याने सुजलेली पानथरी क्वचित फुटतेही.

ती सुजते कारण रक्त गाळणं हे तिचं काम. परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी ताठर होतात आणि तिच्या चिंचोळ्या फटींत अडकतात.

या पोट दाबून पाहण्याला आपल्या देशात मोठा इतिहास आहे. कर्नालची लष्करी छावणी तापाच्या साथींमुळे सोडून द्यावी लागली होती. दोष यमुनेच्या कालव्यांचा का, हे पाहायला 1845 मध्ये समिती नेमली गेली. तिच्यातले डॉक्टर टी. ई. डेम्प्स्टर यांनी गावोगावच्या लोकांची पोटं तपासली आणि किती जणांची पानथरी वाढली आहे ते मोजलं. जिथे पाण्याचा निचरा धड नव्हता तिथे आकडा फुगलेला. गंमत म्हणजे ताप दूषित हवेतून येतो, असाच त्या काळचा समज! लॅव्हराँ यांना परजीवी दिसला तो 1880 मध्ये, आणि डासाच्या पोटात तो रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत सापडला 1897 मध्ये. कारण ठाऊक नसताना मोजमाप मात्र बिनचूक निघालं.

पुढे हीच मोजणी लहान मुलांवर, साधारण दोन ते नऊ वर्षांच्या, होऊ लागली. हिवताप मुरलेल्या भागात मोठ्या माणसांत प्रतिकारशक्ती येते आणि पानथरी पुन्हा आक्रसते. त्यामुळे गावातल्या तापाचा खरा हिशेब पोरांच्या पोटात सापडतो. निम्म्याहून अधिक मुलांची पानथरी वाढलेली असेल, तर तो प्रदेश अतिप्रादुर्भावाचा.

एकट्या रुग्णाचं निदान मात्र पानथरीवरून होत नाही. काविळीची झाक, खालच्या पापणीचा फिकेपणा, हुडहुडीनंतरचा घाम, यातलं काहीच हिवतापाची खास खूण नाही. अंगावर पुरळ किंवा गळ्याला गाठी असतील तर उलट दुसऱ्या रोगाची शंका घ्यावी. म्हणूनच गडचिरोलीतल्या पाड्यावर आशाताई आधी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात. अंगाच्या तपासणीचं मोल वेगळं आहे: रुग्ण किती बिघडला आहे ते तिच्यातून कळतं. छाती स्वच्छ असूनही श्वास खोल आणि जलद चालला असेल, तर रक्तात आम्ल साचतंय. मूल हाकेला ओ देत नसेल, तर परजीवींनी भरलेल्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसल्या असण्याचा संभव.

मेंदू उघडून पाहता येत नाही, पण डोळ्यात डोकावता येतं. आफ्रिकेत मलावीतल्या ब्लँटायर शहरातले डॉक्टर बेशुद्ध मुलांच्या बाहुल्या औषधाने रुंदावून दृष्टिपटल पाहत. तिथे पांढुरके डाग दिसत आणि लाल असायच्या त्या रक्तवाहिन्या नारिंगी किंवा पांढऱ्या पडलेल्या असत. कारण त्यांत अडकलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन परजीवींनी फस्त केलेलं असे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच अभ्यासात, मेंदूचा हिवताप ठरवून उपचार केलेल्या आणि दगावलेल्या 31 मुलांचं शवविच्छेदन झालं. त्यातली सात दुसऱ्याच कारणाने गेली होती, रक्तात परजीवी असूनही. हा फरक जिवंतपणी सर्वांत नीट दाखवणारी खूण म्हणजे दृष्टिपटल. बेशुद्ध मुलाचं दृष्टिपटल स्वच्छ दिसलं, तर हिवतापाची औषधं चालू ठेवून मेंदूज्वरासारखं दुसरं काही आहे का, हे तेव्हाच शोधायला घ्यावं लागतं.