भोर-वेल्ह्याच्या वाटेवर कुटुंबाची गाडी कोणती?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळले, की नसरापूर, मार्गासनी, विंझर करीत रस्ता वेल्ह्याला पोहोचतो. थोडे पुढे कापूरहोळहून दुसरा रस्ता भोरकडे जातो. या दोन फाट्यांपर्यंत गाडी कोणतीही असली तरी फारसे बिघडत नाही. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. तोरण्याच्या पायथ्याची गावे, केळदकडे जाणारी वाट, पाबे घाटाची अवघड वळणे, भाटघर आणि नीरा-देवघर धरणांच्या काठाने वळत जाणारे रस्ते येथे गाडीची वर्षभर कसोटी पाहतात.

राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय घेतला. नाव कोणतेही असो, तेथील पाऊस आणि चढ तेच आहेत. या दोन तालुक्यांतील अनेक घरांत एक भाऊ गावी भातशेती पाहतो, तर दुसरा पुण्यात किंवा शिरवळच्या कारखान्यात नोकरी करतो. अशा घरात गाडी ही दोघांची असते. आठवड्याचे पाच दिवस ती महामार्गावर धावते, शनिवारी गावी येते, परतताना तांदळाची पोती नेते आणि पावसाळ्यातील एखाद्या रात्री आजारी माणसाला पुण्याच्या रुग्णालयात पोहोचवते. यांपैकी कोणत्या कामासाठी गाडी घ्यायची, हे आधी ठरले नाही, तर कर्जाचे हप्ते संपण्यापूर्वीच गाडी बदलण्याची वेळ येते.

ग्राहकाचे आणि मालकाचे प्रश्न

नव्याने गाडी घेणारा ग्राहक प्रथम ॲव्हरेज विचारतो, मग हप्ता आणि रंग. चार-पाच वर्षे गाडी वापरलेला मालक मात्र वेगळ्याच गोष्टी सांगतो. पाच माणसे बसल्यावर गाडीचे पोट कोठे घासते, चढावर एसी बंद करावा लागतो का, क्लच प्लेट किती लवकर गेली, किरकोळ कामासाठी पुण्याला किती चकरा झाल्या, हे त्याचे विषय असतात. शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपल्याच वाटेवर तीच गाडी चालवणाऱ्या एखाद्या मालकाशी बोलणे म्हणूनच फायद्याचे ठरते.

चार मीटरची रेषा

बाजारातील गाड्यांचे आकार आणि किमती करांच्या नियमांनी घडवल्या आहेत. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसी, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. त्यानंतर डिकीच्या गाड्याही चार मीटरांत बसवल्या जाऊ लागल्या. टाटांची इंडिगो सीएस २००८ मध्ये याच हेतूने आली. त्याच वर्षी आलेली मारुतीची स्विफ्ट डिझायर सुरुवातीला चार मीटरहून लांब होती. २०१२ मध्ये तिची डिकी आखूड करून ती ३९९५ मिलिमीटरवर आणण्यात आली.

ही रेषा आजही महत्त्वाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाड्यांवर १८ टक्के, तर त्याबाहेरील पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आकारला जातो. करापूर्वीची किंमत आठ लाख रुपये धरली, तर पहिल्या गटात कर १ लाख ४४ हजार आणि दुसऱ्या गटात ३ लाख २० हजार होतो. म्हणजे १ लाख ७६ हजारांचा फरक. येथे केवळ लांबी पाहून चालत नाही. मारुतीची ब्रेझा चार मीटरच्या आत असली तरी तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने ती ४० टक्क्यांच्या गटात जाते. एर्टिगा लांबी आणि इंजिन या दोन्ही कारणांनी त्याच गटात आहे. टाटांची नेक्सॉन आणि महिंद्रची सात आसनी बोलेरो मात्र १८ टक्क्यांत बसतात. राज्याचा रस्ता कर याशिवाय द्यावा लागतो आणि डिझेल गाडीवर तो पेट्रोलच्या गाडीपेक्षा अधिक असतो.

पोट किती उंच?

डिकीची गाडी महामार्गावर सुखाची असते. ती जमिनीलगत असल्याने वळणावर कमी झुकते, वाऱ्याला कमी अडते आणि इंधन वाचवते. वयस्कर माणसांना आत बसणे-उतरणेही सोपे जाते. मात्र डिझायरसारख्या गाडीचे पोट जमिनीपासून साधारण १६३ मिलिमीटर उंच असते. नेक्सॉनचे सुमारे २०८. कागदावरचा हा पावणेदोन इंचांचा फरक गावच्या रस्त्यावर मोठा ठरतो. पाच माणसे आणि सामान भरल्यावर मागच्या स्प्रिंगा दबतात आणि गाडी आणखी खाली येते. पावसाने खचलेली साइडपट्टी, चाकोरीच्या मधोमध उरलेला उंचवटा, घरापुढचा तीव्र उतार येथे मग इंजिनखालचे आवरण किंवा सायलेन्सर घासू लागतो.

उंच गाडी म्हणजे कोठेही जाणारी गाडी, असाही गैरसमज आहे. बाजारातील बहुतेक लहान एसयूव्हींना इंजिनची ओढ फक्त पुढच्या दोन चाकांवर मिळते. दिसायला त्या दणकट असल्या, तरी चिखलात त्यांची गत साध्या गाडीसारखीच होऊ शकते. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर कोणतीही गाडी थांबवणेच शहाणपणाचे. पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, हे गाडीच्या उंचीवरून कळत नाही.

चढ, भार आणि ओढ

चढावर गाडीचा भार मागच्या चाकांकडे सरकतो. त्यामुळे पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पूर्ण भरलेली असेल आणि रस्ता ओला, शेवाळलेला असेल, तर पुढची चाके जागीच फिरू लागतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बोलेरोसारख्या गाडीला हाच भार उपयोगी पडतो. २००० मध्ये बाजारात आलेली ही गाडी डोंगरी भागांत टिकून राहिली, त्यामागे हे एक कारण आहे. महामार्गावर मात्र तिच्यात धक्के अधिक बसतात, आवाज अधिक येतो आणि वळणावर ती झुकते. रोज पुण्याला जाणाऱ्या माणसाला हा त्रास वर्षभर सोसावा लागतो.

इंजिनच्या बाबतीत अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ घाटात महत्त्वाची असते. डिझेल आणि टर्बो पेट्रोल इंजिने येथे सरस ठरतात. साध्या १२०० सीसी पेट्रोल इंजिनला भरल्या गाडीने चढताना वारंवार पहिला-दुसरा गिअर लागतो. ते इंजिन कमी प्रतीचे असते असे नाही. चालकाने गिअर वेळेवर बदलला पाहिजे, इतकेच. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकू न देणारी सोय घाटातल्या चालकाला मोलाची वाटते. उतरताना इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय मात्र घातक आहे. ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे; सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

डिझेलचा हिशेब

'डिझेलच परवडते' हा समज जुन्या दरांतून आला आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. त्यापूर्वी दोहोंतील तफावत मोठी होती. आज ती पुष्कळ कमी आहे. उदाहरणादाखल पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १६ धरले, तर किलोमीटरला सुमारे साडेसहा रुपये पडतात. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज २० धरले, तर साडेचार. किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग असेल, तर ती रक्कम भरून निघायला साडेबासष्ट हजार किलोमीटर लागतील. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर धावणाऱ्याला हे अडीच वर्षांत साधते. आठ हजार धावणाऱ्याला जवळपास आठ वर्षे लागतात.

दुसरी बाब तांत्रिक आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनुसारच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते. गाव ते बाजारपेठ एवढ्याच छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबू शकते. सीएनजीचा खर्च कमी असला, तरी टाकीमुळे डिकीतील जागा घटते आणि चढावरची ओढही थोडी कमी होते. तांदळाची पोती नेणाऱ्याने डिकी उघडून पाहावी आणि आपल्या नेहमीच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का, याची खात्री करावी.

सात माणसे, पाच पट्टे

यात्रा-जत्रेला पाच आसनी गाडीत सात-आठ जण बसवणे येथे नवलाचे नाही. पण ब्रेक, टायर आणि स्प्रिंगा ठरावीक वजनासाठीच बनवलेल्या असतात, आणि पट्टा नसलेला प्रवासी अपघातात पुढच्यावर आदळतो. अशी गरज वारंवार पडत असेल, तर सात आसनी गाडीच घ्यावी. वर्षातून दोनदाच पडत असेल, तर तेवढ्यापुरती भाड्याची गाडी स्वस्त पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशात भारत एनकॅप ही धडक चाचणी सुरू झाली आहे. निवडलेल्या गाडीला तीत किती तारे मिळाले, हे ॲव्हरेजइतक्याच आग्रहाने विचारावे.

जुनी गाडी घेताना

अनेक कुटुंबांची पहिली गाडी जुनी असते. ती शक्यतो पावसाळ्यानंतर, रॅम्पवर चढवून पाहावी. पोटाखालचा गंज, ठोकर लागलेले आवरण, ऑइलची गळती तेथेच दिसते. पायाखालची चटई उचलून चिखलाचा किंवा ओलीचा वास पाहावा. चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही, असे आढळल्यास क्लचचा खर्च किमतीतून वजा करावा.

निवड कशी करावी?

वर्षातील बहुतेक धाव महामार्गावर होत असेल आणि घरापर्यंत पक्की सडक असेल, तर डिकीची गाडी पुरेशी आहे. उंचीसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. शेवटचे आठ-दहा किलोमीटर खराब असतील आणि भात लावणीच्या दिवसांतही गावी जाणे चुकत नसेल, तर अधिक उंचीची, चार मीटरच्या आतील गाडी मधला मार्ग ठरते. घर डोंगरात, माणसे सहा-सात आणि ओझे नित्याचे असेल, तर मागच्या चाकांची दणकट गाडी योग्य.

नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी विक्रेत्याकडे एक मागणी जरूर करावी. चाचणीची फेरी शोरूमभोवती न घेता घरची चार माणसे बसवून कात्रजच्या जुन्या घाटातून घ्यावी आणि शक्य असल्यास आपल्या दारापर्यंत. मागच्या आसनावर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला बसवावे. आजारपणात त्याच जागेवरून तिला पुण्याला न्यावे लागणार आहे.