धडा आधी कोणी पाहायचा? (ऑनलाइन वर्ग : लेखांक पाचवा)

२०२०च्या उन्हाळ्यात प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एफडीपीच्या (शिक्षक-विकास कार्यक्रमांच्या) आमंत्रणांचा पूर आला होता. कुठे पाच दिवसांची कार्यशाळा, कुठे सात दिवसांची. यूट्यूबवर भाषण लावून ठेवायचं, शेवटी गूगल फॉर्म भरायचा, की ई-मेलवर रंगीत प्रमाणपत्र हजर. त्याच दिवसांत ही मंडळी पोरांना मोबाइलवरून शिकवत होती आणि पलीकडून, खामगावजवळचं पिंपळगाव राजा म्हणा की लाखनवाडा, एकच वाक्य परत परत ऐकू यायचं : "सर, आवाज नाही येऊन राहिला!" प्रमाणपत्रं वाढत गेली, आवाज मात्र तसाच राहिला. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष ऑनलाइन धडा यांची गाठ कुठे सुटते, ते आज पाहू.

प्रमाणपत्रांच्या या भुकेला कारण आहे. वरच्या श्रेणीत जायचं तर 'कॅस'च्या (पदोन्नती योजनेच्या) प्रस्तावाला ओरिएंटेशन-रिफ्रेशरची कागदपत्रं जोडावी लागतात. नॅककडून महाविद्यालयाचं मूल्यांकन करून घ्यायचं असेल, तर किती शिक्षकांनी असे कार्यक्रम पूर्ण केले याचे आकडे आयक्यूएसीला, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाला, द्यावे लागतात. आकडा मागितला की आकडा तयार होतो. त्या कार्यक्रमानंतर शिक्षकाने एखादा धडा बदलला का, हे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाही, म्हणून तो प्रश्न कुणाच्या टेबलावर येतच नाही. यात एकट्या शिक्षकाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

पण आता ऑनलाइन धडा ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. त्याआधीच, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमावलीने, विद्यार्थ्याला एका सत्रातले २० टक्के अभ्यासक्रम तिथून करण्याची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर गेली. म्हणजे खामगावच्या जी. एस. महाविद्यालयातल्या किंवा मोहता महिला महाविद्यालयातल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर, वर्गात कधीही न भेटलेल्या प्राध्यापकाने शिकवलेला विषय नियमानुसार येऊ शकतो. तो विषय कसा शिकवला गेला, याची खातरजमा कोण करतं?

'स्वयम्'ने अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवून दिले आहेत : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेची जागा आणि स्वतःला तपासण्यासाठीचे प्रश्न. साचा चांगला आहे. मात्र चारही खाने भरले की धडा चांगला झाला, असं होत नाही. व्हिडिओत एक सांगितलं, प्रश्न दुसऱ्यावर विचारले आणि चर्चेच्या जागी "नोट्स कधी मिळतील?" एवढाच सवाल महिनाभर अनुत्तरित पडून राहिला, तरी खाने भरलेलेच दिसतात.

खातरजमेच्या या प्रश्नाचं एक उत्तर इंटरनेटच्या आधीपासून आपल्याकडे आहे, आणि तेही मराठीत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. समोर शिक्षक नसताना पुस्तकानेच शिकवायचं, तर ते एकट्या लेखकाच्या भरवशावर सोडता येत नाही, हे तिथे सुरुवातीपासून धरलेलं होतं. त्या पाठ्यपुस्तकांची पहिली पानं उघडून पाहा : लेखकाबरोबर संपादकांची नावं असतात, आणि अनुदेशनतंत्र पाहणाराही असतो. विषय बरोबर आहे का हे एकाने पाहायचं. शेतावरून येऊन रात्री एकट्याने वाचणाऱ्याला तो उलगडेल का हे दुसऱ्याने. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९६९पासून रुळवलेली ही गटाने अभ्यासक्रम लिहिण्याची रीत. नेहमीच्या महाविद्यालयांनी व्हिडिओ केले तेव्हा मात्र तिची आठवण कुणाला झाली नाही. प्राध्यापक, मोबाइल आणि स्टँड, झाला अभ्यासक्रम.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या महाविद्यालयांनी २००३ मध्ये सरकारी अनुदानावर 'क्वालिटी मॅटर्स' नावाची पद्धत बसवायला घेतली. तिथे तिघे शिक्षक मिळून एखाद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम तपासतात. त्यातला निदान एक बाहेरच्या संस्थेचा असावा लागतो. काही निकष अनिवार्य, आणि एकूण गुण ८५ टक्के तरी हवेत. कमी पडलं तर नापासाचा शिक्का मारत नाहीत, दुरुस्त करून परत आणायला सांगतात. मला सगळ्यात पटतं ते असं, की ही तपासणी अभ्यासक्रमाच्या रचनेची असते, शिकवणाऱ्या माणसाची नसते. "विद्यार्थ्याला काय यायला हवं ते लिहिलंय का? परीक्षा त्याचीच घेताय का? तिथवर पोचायला दिलेलं साहित्य पुरेसं आहे का?" एवढ्यावर बोलणं चालतं, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे 'तपासणी' म्हटलं की फायली, हार आणि जेवणाची व्यवस्था डोळ्यासमोर येते, तो भाग वेगळा.

आणि तपासायचं तर काय निवडून? १८७०च्या सुमारास ज्याच्यासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा खामगावात आणला गेला, त्या कापसाच्या बाजारात गंजीच्या वरचा कापूस पाहून भाव करणारा व्यापारी टिकला नसता. हात आत खुपसावा लागतो. अभ्यासक्रमाचंही प्रास्ताविक नव्हे, सातव्या-आठव्या आठवड्यातला, विद्यार्थी गळायला लागतात तिथला धडा काढून पाहावा.

तपासणारा दरवेळी तज्ज्ञच हवा असंही नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहा. संगणकप्रणाली शिकवणारे दहाएक मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, आणि इंटरनेट नसतानाही चालवता येतील असे. तिथे आधी संहिता लिहिली जाते आणि ध्वनिमुद्रणापूर्वी ती विषयतज्ज्ञाबरोबर एका नवशिक्यालाही दिली जाते. तो लिहिल्याबरहुकूम एकेक पायरी करत जातो आणि अडला की संहिता बदलते. तज्ज्ञाच्या नजरेतून जे सुटतं ते तिथे सापडतं, कारण तज्ज्ञ मधली पायरी मनातल्या मनात भरून काढतो आणि नवशिका तिथेच थांबतो.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा चांगला नमुनाही त्याच आवारातला. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने तिथून देशभरातल्या दूरकेंद्रांवर एकाच वेळी हजारो अभियांत्रिकी शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या. पुढे प्रा. श्रीधर अय्यर, प्रा. सहाना मूर्ती आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठीच ऑनलाइन अभ्यासक्रम काढले. त्यात शिक्षक आधी विद्यार्थी होऊन बसतो. व्हिडिओ मध्येच थांबतो, प्रश्न टाकतो, विचार करून उत्तर लिहायला लावतो आणि मगच पुढे सरकतो. पाऊण तास अखंड बोलणाऱ्या माणसाला पडद्यापुढे दहा मिनिटं मुकाट ऐकणं किती जड जातं, हे स्वतः भोगल्यावर जेवढं कळतं तेवढं दहा वेबिनारांनी कळत नाही. आयआयटींच्या 'एनपीटेल'वरच्या बारा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) दीड आठवड्याची एफडीपी धरते, तेही याच कारणाने मला रास्त वाटतं. तिथे शिक्षकाला दर आठवड्याची असाइनमेंट द्यावी लागते आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा.

खामगावात हे करायला अमरावती विद्यापीठाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येकाने सत्रातला एकच धडा निवडावा. गावातल्याच दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याने तो पाहावा. 'क्वालिटी मॅटर्स'ला लागणारा बाहेरचा परीक्षक इथे सायकलवरून येऊ शकतो. तिसरा परीक्षक प्रथम वर्षाचा विद्यार्थी : त्याने तो धडा स्वतःच्या मोबाइलवर, दिवसाच्या दीड जीबी डेटात, गावी बसून उघडावा आणि कुठे अडला ते मिनिट लिहून द्यावं. मग धडा दुरुस्त करायचा आणि आधीची आवृत्तीही जपून ठेवायची. आयक्यूएसीच्या फायलीत दोन्ही आवृत्त्या लावल्या, तर त्यांचं वजन प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याहून जास्त भरेल.

अडचण आहे ती तासांची. अनेक महाविद्यालयांत निम्मं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर असतं. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही अनेकदा महिन्यांनी. दुसऱ्याचा धडा पाहायला किंवा स्वतःचा पुन्हा करायला लागलेल्या तासाचा मोबदला कुठल्याच देयकात बसत नाही, आणि फुकट करा म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. संस्थांनी ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या खर्चात कॅमेरा, दिवे आणि हिरवा पडदा धरला. त्यातला पडदा कमी करून परीक्षणाच्या तासांचं मानधन धरता येतं. हा निर्णय संस्थेच्या पातळीवरचा आहे, त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

(पुढच्या आठवड्यात : घरबसल्या परीक्षा आणि तिच्यावरची पाळत)