तापाची गोळी, डोक्याची गोळी

गोरेगावच्या पूर्वेला डोंगर, आणि डोंगरापलीकडे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १९०१ पासून ते मुंबईकर कुटुंबांचा आधार आहे. तिथून बरं वाटून घरी आलेल्या माणसाला ताप आला, की मोतीलाल नगर असो वा भगतसिंग नगर, आपण कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणतो. धोका इथेच आहे.

मानसिक आजाराच्या काही औषधांनी गुंगी येते, गिळणं मंदावतं. लाळ किंवा घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. या औषधांमुळे होणारी हातापायांची थरथर थांबवणाऱ्या गोळ्यांनी लघवी तुंबते, मग तिथे जंतुसंसर्ग. त्यात रुग्णाला दुखणं नीट सांगता येत नाही. सांगितलं तरी ‘हा असंच बडबडतो’ म्हणून सोडून दिलं जातं. हे मला सर्वांत अन्यायाचं वाटतं.

क्लोझापिन हे मानसिक आजाराचं औषध घेणाऱ्याचा ताप तर कधीच साधा समजू नये. या औषधाने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात. १९७५मध्ये फिनलंडमध्ये अशा रुग्णांचे मृत्यू झाले, तेव्हापासून रक्ततपासणीचा आग्रह आहे. म्हणून घसा दुखला, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. शिवाय मोठ्या संसर्गात क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण आपोआप वाढू शकतं. त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, तर यकृतात क्लोझापिन मोडण्याचं काम मंदावतं आणि पातळी आणखी चढते. रुग्ण झोपाळतो, रक्तदाब उतरतो, फिटही येऊ शकते.

टीबीच्या रिफाम्पिसिनचं नेमकं उलटं. त्याने यकृताचं काम वेगावतं, हॅलोपेरिडॉलसारखं मनोविकाराचं औषध लवकर निकामी होतं. स्थिरावलेल्या माणसाला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागतात आणि घरचे म्हणतात, गोळ्या चुकवल्या असणार! बिचाऱ्याने एकही चुकवलेली नसते. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत दिलं जाणारं सायक्लोसेरिन तर स्वतःच भ्रम निर्माण करू शकतं.

म्हणून टीबी केंद्रात मनोविकाराचा केसपेपर आणि मनोविकार ओपीडीत टीबीचं कार्ड दाखवायलाच हवं. गोळी कुणीही मनाने बंद करू नये, डोस डॉक्टर बदलतील. आणि ‘आधी मनोरुग्णालयात न्या’ म्हणून कॅज्युअल्टीतून परत पाठवलं, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ दाखवा. शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकेच आणि त्याच दर्जाचे उपचार, तातडीची सेवा आणि रुग्णवाहिकासुद्धा, हा या माणसाचा हक्क आहे.